चार जणांची केबिन

तुर्कूच्या धक्क्यावर बाईने तिकिटं पाहिली,
विचारलं, दोघंच?
रायसा म्हणाली, दोघंच.
मी बुटांवरचा बर्फ झटकत राहिलो,
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.

आमच्या गावात आज सगळे कबरस्तानात जातील.
हातमोजा दातांत धरून वात पेटवतील,
एक विझली की शेजारच्या दिव्यावरून पुन्हा,
आणि बर्फावर इतके दिवे लागतील
की परगावचा माणूस म्हणेल, काय सुंदर!
गेल्या वर्षी आम्हीही म्हटलं होतं.
आजोबांच्या दगडापाशी नीलो उभा होता,
नाक गळत होतं.
विचारत होता, आजोबांना खालून उजेड दिसतो का?
मी म्हटलं, चल, गाडीत बस, गारठशील.
एवढंच उत्तर दिलं मी त्याला.

यंदा त्या ओळीत एक दगड नवा आहे.
मिर्या म्हणाली, दादा, तुम्ही पळून चाललात.
हो, म्हटलं,
पण परतीचं तिकीट काढून.

जहाजावर सगळं आहे.
सहाव्या मजल्यावर स्वस्त दारू,
सातव्यावर अकॉर्डियन,
आणि कापसाच्या दाढीचा नाताळबाबा,
जो आमच्याकडे दारातूनच विचारतो
तेच विचारत आला:
इथं कुणी शहाणी मुलं आहेत का?
आहेत! सगळा हॉल ओरडला.
रायसाची नखं माझ्या मनगटात रुतली.

तसा तो शहाणा नव्हताच.
पियानोच्या तासाला जातो सांगून
गोठलेल्या नदीवर जायचा.
उणे वीसमध्ये एकदा जीभ लावली
घसरगाडीच्या लोखंडाला,
आणि रडताना रडूही नीट येईना,
जीभ अडकलेली.
मी आधी हसलो,
मग कोमट पाणी आणायला धावलो.

जेवणात तांदळाची खीर, वर दालचिनी.
सबंध पातेल्यात एकच बदाम.
ज्याच्या वाटीत येईल त्याचं वर्ष चांगलं.
घरी तो दरवर्षी नीलोच्याच वाटीत यायचा.
रायसाचा डाव त्याला माहीत होता,
तिलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे,
तरी दरवर्षी त्याच्या भुवया वर जायच्या,
अरेच्चा, माझ्याकडे!

तिचं चावणं थांबलं.
मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.
ती उठली, आणखी खीर घ्यायच्या निमित्ताने
पातेल्यापाशी गेली,
नॅपकिन तोंडाला लावला,
पळी फिरवली,
रिकामी वाटी घेऊन परत आली.
काही बोलली नाही.

पंधरा मिनिटांनी
पलीकडच्या टेबलावरचा एक थोराड स्वीडिश आजोबा
उभा राहून ओरडला, सापडला!
दोन बोटांत धरून त्याने तो सगळ्यांना दाखवला,
टाळ्या घेतल्या,
मग कुडुम् करून खाल्ला.
रायसाने माझ्याकडे पाहिलं.
मार्चनंतर पहिल्यांदा आम्ही हसलो,
तोंड दाबून, पोट धरून, पाणी येईपर्यंत.
मग पाणी येतच राहिलं,
आणि वेटरने न विचारता कॉफी आणून ठेवली.

दोघांची केबिन शिल्लक नव्हती.
चार जणांची मिळाली.
वरचे दोन बर्थ भिंतीत मिटलेले,
पट्ट्याने बांधलेले,
कपाटाआड छोटी शिडी.
स्पीकरवर सूचना: केबिनमध्ये
मेणबत्ती लावण्यास सक्त मनाई आहे.
खिडकीबाहेर बेटं एकेक करून मागे जात होती,
एखाद्या बेटावर एकच घर,
त्या घरात एकच खिडकी पिवळी.

दोन वाजता मला राहवेना.
उठून खिडकीकडचा पट्टा सोडवला.
बर्थ धाडकन खाली आला.
वर धुतलेली चादर, उशी,
घडी घातलेली, कुणीही न झोपलेली.
(मला वर! मला वर! शिडीच्या आधी उडी मारून.)
उशाशी वाचायचा दिवा होता, बोटाएवढा.
मी तो लावला
आणि खाली येऊन आडवा झालो.

डोळ्यांवर येतोय, रायसा म्हणाली.
मला वाटलं होतं ती झोपली.
बंद करू?
इंजिन घरघरत होतं, पाण्यावरचा बर्फ
जहाजाच्या पोटाला घासत होता.
नको, म्हणाली.
खालून दिसतोय तो.